एका स्वराचे दप्तर

संग्राहकांच्या बाबतीत आपल्या समाजाने एक चमत्कारिक प्रतवारी करून ठेवली आहे. मोडी कागद आणि जुनी नाणी जमविणारा तो संशोधक. गायकाच्या ध्वनिमुद्रिका, गीतपुस्तिका आणि कार्यक्रमपत्रिका जमविणारा तो केवळ हौशी. हा भेद आम्हांस मान्य नाही. सुधीर फडके यांच्यासंबंधीची जी सामग्री आम्ही जबलपुरात गेली काही वर्षे गोळा करीत आलो, तीवरून गीतरामायणाच्या इतिहासातील एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. तिचा संबंध घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांशी विशेष आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फडके कवी नव्हेत, गायक आणि स्वररचनाकार. गीतरामायणातील शब्द ग. दि. माडगूळकरांचे. दोघेही 1919 सालचे. फडके जुलैतले, माडगूळकर ऑक्टोबरातले. पुढे दोघांची नावे अशी जोडली गेली की एकाचा संग्रह करावयास बसावे आणि दुसऱ्याचाही आपोआप व्हावा. आमच्या कांचघरातील बिऱ्हाडी दोन लोखंडी ट्रंका या कामी खर्ची पडल्या आहेत. एकीत कागद, दुसरीत तबकड्या. जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या. ही लाख आपल्याच मध्य हिंदुस्थानातल्या आणि छोटा नागपूरच्या रानांतली, पळस-कुसुमाच्या झाडांवरची, आणि तबकडी होऊन पुन्हा इकडेच परतलेली. ठिसूळपणात ती काचेलाही हार जाणार नाही. ती नेमकी कांचघरातच ठेवण्याचा योग आमच्या नशिबी असावा, याची घरात थट्टा होते.

गुरंदीच्या जुन्या बाजारात मराठी माल क्वचितच येतो. येतो तेव्हा बहुधा कोणी निवृत्त होऊन पुण्यास किंवा नागपुरास निघालेला असतो आणि त्याने सामान हलके केलेले असते. 'वंदे मातरम्' (1948), 'पुढचं पाऊल' (1950), 'सुवासिनी' (1961) अशा चित्रपटांच्या गीतपुस्तिका आम्हांस या वाटेने मिळाल्या. विक्रेत्याला फडके हे नाव सांगून उपयोग नसतो; 'भाभी की चूडियाँ' (1961) म्हटले की त्याची मुद्रा लगेच बदलते. पंडित नरेंद्र शर्मांच्या शब्दांना फडक्यांनी दिलेल्या चाली हिंदी मुलखाला तोंडपाठ आहेत. चाल देणारा मराठी होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. 'जगाच्या पाठीवर' या नावाच्या दोन वस्तू आमच्या ट्रंकेत आहेत. एक 1960 सालच्या चित्रपटाची पुस्तिका, दुसरे फडक्यांचे अपुरे राहिलेले आत्मचरित्र. फडके 29 जुलै 2002 रोजी गेले आणि ते पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. त्यातील उपासमारीची आणि वणवणीची पाने वाचल्यावर त्यांच्या आवाजातील संयम निराळाच जाणवू लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गीतरामायण जन्मले ते एका सरकारी कचेरीत, याचे आम्हां कारकुनांना कोण अप्रूप! आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या मनात वर्षभर चालेल अशा मालिकेची कल्पना आली, आणि 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पहिले गीत प्रक्षेपित झाले. त्या गीताचा मूळ कागद ऐन ध्वनिमुद्रणाच्या वेळी गहाळ झाला, माडगूळकर संतापले, शेवटी लाडांनी त्यांना खोलीत कोंडून घातले आणि पाव तासात नवे गीत तयार झाले, अशी हकीकत सांगितली जाते. म्हणजे ज्या कागदासाठी कोणताही संग्राहक सर्वस्व ओवाळून टाकील, तो पहिल्याच दिवशी नाहीसा झालेला!

गीते छप्पनच का, याचे उत्तर पंचांगात आहे. योजना मुळात बावन्न गीतांची होती. दर आठवड्यास एक गीत, आणि रामनवमी ते रामनवमी असा पल्ला. साधे चांद्रवर्ष 354 दिवसांचे. त्यात पहिल्या रामनवमीपासून मोजता एक्कावन्न शुक्रवार बसतात, आणि समाप्तीच्या रामनवमीचे एक गीत धरून बावन्न भरतात. पण त्या वर्षी अधिकमास आला. 1 एप्रिल 1955 पासून 19 एप्रिल 1956 पर्यंत दिवस होतात 384. शुक्रवार पंचावन्न, आणि अखेरची रामनवमी गुरुवारी. बेरीज छप्पन. वेतनपत्रकांचे हिशेब करताना जो आनंद आम्हांस कधी झाला नाही, तो हा हिशेब जुळला तेव्हा झाला.

या छप्पन गीतांना प्रक्षेपणात आवाज अनेक होते. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर. ज्या पात्राच्या मुखी गीत, त्याला साजेसा गळा. फडके त्यांतील एक आणि सर्वांचे सूत्रधार. ते एक श्राव्य नाट्यच होते. पण ध्वनी पुण्याचा. बदलीच्या गावी असलेल्या माणसाने तो ऐकावा तो रेडिओयंत्राच्या ताकदीवर आणि दैवाच्या भरवशावर. गीते वृत्तपत्रांतून आठवड्याच्या आठवड्याला छापून येऊ लागली, ती कात्रणे मात्र टपालाने कोठेही जाऊ शकत.

पुढे काय झाले पाहा. मालिका चालू असताना जबलपूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि येथील मराठी माणूस एका रात्रीत परराज्यातला झाला. मालिका संपल्यानंतर आणि पुस्तक निघण्यापूर्वी ही रेषा ओढली गेली. ते पुस्तक 3 ऑक्टोबर 1957 रोजी, विजयादशमीस, प्रसिद्ध केले ते केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने, दिल्लीहून. खिशात मावेल असा आकार, किंमत रुपये दोन. राज्याच्या सीमेशी त्याला कर्तव्य नव्हते. मराठी मुलखाबाहेर गीतरामायण प्रथम गेले ते असे कागदावरून, स्वरावाचून.

स्वर आला तो 1965 साली. हिज मास्टर्स व्हॉइसने दहा दीर्घ तबकड्यांचा संच काढला. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. एवढ्यात ही कडव्यांमागून कडवी असलेली गीते मावणे अशक्यच होते. दीर्घ तबकडीने ती अडचण दूर केली. परंतु या संचात आवाज एकच, फडक्यांचा. राम तोच, सीता तीच, कौसल्या आणि शूर्पणखाही तोच. घरोघर गेला तो हा संच, आणि फडक्यांनी गावोगाव केले तेही एकट्याच्या गळ्याचे, हार्मोनियम पुढे घेऊन बसलेल्या गायकाचे कार्यक्रम. आज गीतरामायण म्हटले की जो स्वर आपल्या कानी येतो तो हाच. आमच्या मते तो श्रेष्ठच आहे. एकाच गळ्याने इतक्या भूमिकांना न्याय द्यावा आणि श्रोत्याला कोठेही एकसुरीपणा वाटू नये, ही सामान्य करामत नव्हे. तरीही पुणेकरांनी 1955 साली जे ऐकले ते हे नव्हे, एवढे संग्राहकाने आपल्या वहीत स्पष्ट नोंदवून ठेविले पाहिजे. दूरदेशी राहिलेल्या मराठी कुटुंबांना अनेक आवाजांचे गीतरामायण बहुधा भेटलेच नाही. भेटला तो एक पुठ्ठ्याचा संच, तोही गणपतीच्या दिवसांत शेजाऱ्यांकडून मागून आणलेला.

आमच्याजवळचा संच पुरा नाही. दहांपैकी आठ तबकड्या आहेत, त्यांतील एकीवर कोणीतरी कप ठेवल्याचा गोल डाग आहे. प्रकाशन विभागाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती अद्याप हाती आलेली नाही. तिची मागाहूनची भावंडे आहेत. हिंदीतील रूपांतरे एकाहून अधिक झाली आणि त्यांतील काही याच प्रदेशात. तीही शोधात आहेत.

त्याहून निकड आहे ती कात्रणांची. 1955-56 साली कोणा आजीने किंवा आजोबांनी दर आठवड्याचे गीत कापून वहीत डकविले असेल, समासात गाणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिले असेल. कोणत्या आठवड्यास कोण गायले याची खातरजमा करावयास अशा समासाइतका चांगला साक्षीदार नाही. पुढील बदलीचे सामान बांधताना अशी वही कोणा वाचकाच्या हाती लागल्यास ती रद्दीत घालण्यापूर्वी त्याने संपादकांच्या पत्त्यावर चार ओळी टाकाव्यात. टपालखर्च आमच्याकडे.