अमेरिकेचा आद्य इतिहास व आमचीं दफ्तरें

कोलंबसाची कथा मराठींत येऊन आतां पावणेदोनशें वर्षें झालीं. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा 'कोलंबसाचा वृत्तांत' इ. स. १८४९ त मुद्रित झाला. नांदेड व लातूर त्या वेळीं निजामाच्या मुलुखांत होतीं. पुढें १८८४ त तेथें उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ त स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच मिळूं लागलें. येथील मराठी विद्यार्थ्यास जगाचा इतिहास परभाषेच्या पडद्याआडूनच पाहावा लागे. १९४८ नंतर तो पडदा दूर झाला. विषयाचें परकेपण मात्र, आमच्या मतें, अद्याप पुरतें गेलेलें नाहीं.

तें घालविण्यास एकच सन पुरेसा आहे. शके १४१४, म्हणजे इ. स. १४९२. याच सुमारास बिदरास कासीम बरीद हा बहामनी सुलतानाच्या नांवानें सर्व सत्ता बळकावून बसला होता. औसा, उदगीर व कंधार हीं ठाणीं त्याच्या जहागिरींत होतीं. या किल्ल्यांच्या छायेंत शिकणाऱ्या मुलांस कोलंबसाचें वर्ष असें सांगितलें तर तें विसरणें कठीण. पुढें आठच वर्षांनीं काब्राल नांवाचा फिरंगी दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे येत असतां २२ एप्रिल १५०० रोजीं ब्राझिलच्या किनाऱ्यास लागला, आणि तीच मोहीम सप्टेंबरांत कालिकतास पोंचली. तसेंच, यॉर्कटाउन येथें १७८१ त ज्याच्या फौजेनें वॉशिंग्टनपुढें शस्त्रें ठेविलीं तो कॉर्नवालिस १७९२ त श्रीरंगपट्टणापुढें मराठे व निजाम यांचा दोस्त म्हणून उभा होता. हे दुवे शिक्षकांनीं सांगावेतच. पण त्यांहूनहि जवळचा दुवा मुलांच्या डब्यांत असतो. भाकरीची ज्वारी जुनी, वरणाची तूर तर इथलीच. परंतु शेंगदाण्याच्या चटणींतील भुईमूग व मिरची हीं दोन्ही अमेरिकेचीं, समुद्रमार्गें आलेलीं.

येथें संग्राहकांचाहि स्वार्थ आहे. समजा, पाटिलकीच्या एखाद्या वादांतला शके १३९० चा म्हणून महजर हातीं आला आणि त्यांतील हक्कांच्या यादींत मिरच्यांची फसकी व तंबाखूचीं पानें निघालीं. कागद, शाई, मोडीचें वळण यांची परीक्षा करीत बसण्याचें कारणच उरत नाहीं; तो कागद बनावट किंवा, फार तर, मागाहून भर घातलेली नक्कल होय. कारण शके १३९० म्हणजे इ. स. १४६८; तेव्हां हे पदार्थ अमेरिकेबाहेर कोणास ठाऊक नव्हते. असदबेगानें विजापुराहून तंबाखू नेऊन अकबरास दाखविली ती १६०४-०५ च्या सुमारास. दक्षिणेंत ती त्यापूर्वी आली होती इतकेंच यावरून निश्चित होतें.

मात्र ही कसोटी बेतानें वापरावी. पोथ्यांच्या बाबतींत ती नकलेचा काळ सांगते, ग्रंथाचा नव्हे. माहूर हें महानुभावांचें क्षेत्र नांदेड जिल्ह्यांतच आहे. त्या पंथाचें लीळाचरित्र यादवकालीन असलें तरी तें आज ज्या पोथ्यांतून मिळतें त्या उत्तरकालीन नकला आहेत. लेखकाच्या हातून नवा शब्द शिरला म्हणून मूळ ग्रंथ खोटा ठरत नाहीं. शब्दहि फसवे असतात: दुध्या भोपळा येथें प्राचीन, तांबडा भोपळा अमेरिकेचा, आणि जुन्या कागदांत नुसतें 'भोपळा' असेल तर कोणता समजावयाचा? सोमनाथपूरच्या १२६८ च्या होयसळ देवळांतील मूर्तींच्या हातीं मक्याचीं कणसें आहेत असें कांहीं विद्वान् म्हणतात. इतरांस तें मान्य नाहीं. केवळ आकृतीच्या साम्यावरून कोलंबसापूर्वींचें दळणवळण सिद्ध झालें असें आम्हांस वाटत नाहीं. हा वाद वरच्या वर्गांत मुलांपुढें खुशाल ठेवावा. पुरावा म्हणजे काय तें त्यांस त्यांतून कळेल.

औसा, उदगीर, कंधार, देगलूर या बाजूच्या ज्या दफ्तरांत मिरची, तंबाखू वा मका यांचा उल्लेख असलेले सनवार अस्सल कागद असतील, त्यांच्या मालकांनीं त्यांच्या नकला मितीसह प्रसिद्ध कराव्या. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील एक कागद मिळाला तरी पुष्कळ होईल.