२०२१ नॉर्दर्न आयर्लंड ओपन

२०२१ नॉर्दर्न आयर्लंड ओपन ही ऑक्टोबर २०२१ मध्ये बेलफास्ट येथील वॉटरफ्रंट हॉलमध्ये पार पडलेली व्यावसायिक स्नूकरची मानांकन स्पर्धा होती. अँट्रिमच्या मार्क ॲलनने अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या जॉन हिगिन्सचा ९–८ असा पराभव केला. ही स्पर्धा जिंकणारा तो उत्तर आयर्लंडचा पहिला खेळाडू होय.

स्वरूप

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे होणाऱ्या ‘होम नेशन्स’ मालिकेतील ही एक स्पर्धा आहे. २०२१ मध्ये तिचा सोडत-तक्ता १२८ खेळाडूंचा होता आणि जगज्जेत्यालाही नवोदिताप्रमाणे पहिल्या फेरीपासूनच खेळावे लागत असे. सुरुवातीच्या फेऱ्या सात फ्रेमच्या असल्याने नामवंत खेळाडू लवकर बाद होणे येथे नवलाचे नाही. २०२१ मध्ये विजेत्यास ७०,००० पौंड व ॲलेक्स हिगिन्स चषक मिळाला. बेलफास्टमध्ये जन्मलेले ॲलेक्स हिगिन्स १९७२ व १९८२ चे जगज्जेते होते. जॉन हिगिन्सशी त्यांचे नाते नाही, केवळ आडनाव एक.

पार्श्वभूमी

या स्पर्धेचे अंतिम सामने आरंभापासूनच अटीतटीचे झाले. २०१६ मध्ये मार्क किंगने बॅरी हॉकिन्सला, तर २०१७ मध्ये मार्क विल्यम्सने सतरा वर्षांच्या यान बिंगताओला ९–८ असे हरविले. पुढील तिन्ही वर्षी जड ट्रंपने रॉनी ओ'सलिव्हनवर ९–७ अशाच फरकाने मात केली. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे झाली होती; २०२१ मध्ये ती बेलफास्टला परतली.

अंतिम सामना

ॲलनने पहिल्याच फेरीत सी ज्याहुईविरुद्ध १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक नोंदविला. पंधराही लाल चेंडूंनंतर प्रत्येक वेळी काळा आणि अखेरीस सहाही रंगीत चेंडू, असे एकूण ३६ चेंडू एकही चूक न करता पाडल्यावरच हा आकडा गाठता येतो. त्याच्या कारकिर्दीतील हा दुसरा १४७ होता.

अंतिम सामना १७ फ्रेमचा, म्हणजे प्रथम ९ फ्रेम जिंकणाऱ्याचा होता. चार वेळा जगज्जेता ठरलेला हिगिन्स ८–६ असा आघाडीवर होता आणि त्याला केवळ एक फ्रेम हवी होती. घरच्या प्रेक्षकांसमोर ॲलनने उरलेल्या तिन्ही फ्रेम जिंकून चषक मिळविला. हे त्याचे सहावे मानांकन विजेतेपद असून, डिसेंबर २०१८ मधील स्कॉटिश ओपननंतरचे पहिलेच होते.

त्यानंतर

हिगिन्सच्या वाट्याला मात्र तो हंगाम कठोर आला. काही आठवड्यांतच इंग्लिश ओपनच्या अंतिम सामन्यात नील रॉबर्टसनने त्याला ९–८ असेच नमविले. २०२२ च्या टूर चॅम्पियनशिपमध्ये तर ९–४ अशा आघाडीनंतरही तो रॉबर्टसनकडून ९–१० असा हरला. ॲलनने २०२२ मध्ये चीनच्या झोउ युएलाँगला ९–४ असे हरवून बेलफास्टमधील विजेतेपद राखले.