लोणारचं गुलाबी पाणी आणि साडेतीन अब्ज वर्षांची मॅच

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात राजा नाही, तह नाही, लढाई नाही. आज आपण बऱ्याच मागे जाणार आहोत. सुरुवात मात्र अगदी अलीकडची.

जून 2020. लॉकडाऊनचे दिवस. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी बघता बघता गुलाबी झालं आणि त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले. ‘शैवाल असेल’ असा एक अंदाज होता. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि उत्तर आलं : हॅलोआर्किया. म्हणजे प्रचंड खारट पाण्यात मजेत राहणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, तसे हेही वाढले. पावसाचं पाणी आल्यावर रंग ओसरला.

शैवाल की हॅलोआर्किया, हा प्रश्न दिसतो साधा, पण सजीवांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी फाळणी त्यातच आहे. शाळेत आपण पाठ केलेले शब्द आठवा : आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी, म्हणजेच प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट. पहिल्यांच्या पेशीत नीट वेगळं केंद्रक नसतं. त्यात जिवाणू आले आणि हे आर्किया आले. दुसऱ्यांच्या पेशीत केंद्रक असतं. त्यात शैवाल, यीस्ट, द्राक्षाचा वेल, तुम्ही, मी, सगळे.

मग यांच्यात जास्त यशस्वी कोण? स्कोअरबोर्ड बघू.

वय : प्रोकॅरिओटांच्या खुणा साधारण साडेतीन अब्ज वर्षं जुन्या खडकांत सापडतात. युकॅरिओटांचे खात्रीचे जीवाश्म त्याच्या जवळपास निम्म्या वयाचे. संख्या : पृथ्वीवर प्रोकॅरिओट किती, तर अंदाजे 1 वर 30 शून्यं. आपल्या शरीरातसुद्धा आपल्या पेशी सुमारे 30 लाख कोटी आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. म्हणजे घरमालकापेक्षा भाडेकरू जास्त.

पण वजन केलं की पारडं फिरतं. 2018 मधल्या एका मोठ्या मोजणीत सजीवांमधला कार्बन मोजला. वनस्पती 450 अब्ज टन, जिवाणू 70, आर्किया 7. सगळे प्राणी मिळून फक्त 2 आणि माणूस 0.06! म्हणजे वजनात युकॅरिओट जिंकले, पण झाडांच्या जिवावर.

आता पत्ता विचारा. आपली पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो दख्खनचा बेसॉल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच सुमाराला डायनासोर संपले. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी हाच खडक आणि त्याखालचा ग्रॅनाइट खोलवर ड्रिल केला. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात, शेकडो मीटर खाली, अंधारात, जिवाणू आणि आर्किया सापडले. आपण दगडाच्या वर लेणी कोरतो, हे दगडाच्या आत संसार करतात.

हे त्यांना जमतं कसं? एक म्हणजे खाण्याचे नखरे नाहीत. लोखंड, गंधक, मिथेन, मिळेल त्यावर भागवतात. दुसरं म्हणजे ते जनुकं एकमेकांना देतात. आम्ही कोडिंगवाले जसं दुसऱ्याचं फंक्शन उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकतो, तसं. अँटिबायोटिकला न जुमानण्याची युक्ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे अशीच पसरते. म्हणून डॉक्टरांनी न सांगता गोळ्या घेणं महागात पडतं.

तर मग प्रोकॅरिओट जिंकले? थांबा, खरी गंमत पुढे आहे.

1967 मध्ये लिन मार्ग्युलिस यांचा एक पेपर छापून आला. त्याआधी पंधराएक नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. त्यांचं म्हणणं असं : आपल्या पेशीला ऊर्जा देणारी तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, हा मुळात एक स्वतंत्र जिवाणू होता. दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. पुढे पुरावे मिळत गेले. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए आहे, तोही जिवाणूंच्या वळणाचा. झाडांमधलं हरितलवकसुद्धा असंच आत आलेलं, सायनोबॅक्टेरियाच्या घराण्यातलं.

आणि ज्या पेशीत हा पाहुणा शिरला, ती कोण? 1977 मध्ये कार्ल वूज यांनी दाखवलं की आर्किया हे जिवाणूंपेक्षा वेगळंच घराणं आहे. 2015 मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळच्या गाळातून असे आर्किया उजेडात आले, ज्यांची जनुकं आपल्याशी फारच जुळतात. म्हणजे यजमान आर्किया, पाहुणा जिवाणू आणि त्या दोघांच्या संसारातून आपण. लोणारचे ते गुलाबी जीव आपले दूरचे भाऊबंदच निघाले की!

त्यामुळे मला ही मॅचच चुकीची वाटते. एका टीमच्या प्रत्येक खेळाडूच्या आत दुसरी टीम खेळते आहे. वजनात ज्या झाडांनी आपल्याला जिंकवलं, त्यांचं हरितलवकही तिकडचंच. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी बघा. हवेतला नायट्रोजन पिकाला देण्याचं काम तिथे रायझोबियम जिवाणू करतात. म्हणून तर शेतकरी पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात. उद्या प्रोकॅरिओट संपले, तर आपला कारभार आटोपला. आपण संपलो, तर खडकातल्या त्या मंडळींना पत्ताही लागणार नाही.

लोणारला 2020 मध्येच रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पण तिथे गोडं पाणी आणि सांडपाणी मिसळत राहिलं, तर क्षार कमी होतील आणि या जीवांचं घर मोडेल. वाघासाठी जंगल राखायचं हे आपल्याला कळतं. खारट पाणी खारटच राहू देणं हेही संवर्धनच आहे, एवढं ध्यानात ठेवू.