काडीमोड, कोर्ट आणि सरहद्द

बुऱ्हाणपूरहून असीरगडच्या वाटेला लागलात की निंबोला लागते. आज हे गाव मध्य प्रदेशात आहे. १९५६ पर्यंत मात्र या मुलखाची राजधानी नागपूर होती. निमाड जिल्हा आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे. शेजारचे रावेर पूर्व खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यात. बोली मिसळलेल्या, बाजार एकमेकांचे, आणि सोयरिकी या अंगाच्या त्या अंगाला. लग्न जुळवताना सरहद्द कुणी विचारीत नसे. ती आठवे लग्न मोडताना. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हिंदूंमध्ये घटस्फोट १९५५ साली आला, असे आपण सर्रास म्हणतो. ते उच्चवर्णीयांपुरते खरे. बहुजन जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, पाट होता. पंचांसमोर काडी मोडायची, देणे-घेणे फेडायचे, आणि बाई पुन्हा पाट लावायला मोकळी. ‘फारकत’ हा शब्दच पाहा. फारखती म्हणजे मुळात कर्ज फिटल्याची, दावा उरला नसल्याची पावती. सावकाराच्या वहीतला हा शब्द संसाराला लागू झाला, आणि त्यात एक कोरडा प्रामाणिकपणाही आहे: हिशेब मिटला, आता कुणी कुणाचे देणे लागत नाही. मात्र तो हिशेब पुरुषच मांडीत. बाईच्या पुढच्या अन्नवस्त्राची तरतूद त्यात क्वचितच असे. मुले बापाकडे, दागिने कुणाचे हे पंचांच्या मर्जीवर.

या रिवाजावर इंग्रजी न्यायालयांची नजर वक्र होती. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. म्हणजे पंचांच्या शब्दावर विसंबून पाट लावणारी बाई द्विभार्याविषयक कलमात गुन्हेगार ठरू शकत होती. पुरुषाला दुसरी बायको करायला तेव्हा कसलीच आडकाठी नव्हती, हे इथेच सांगून ठेवतो.

हिंदू घटस्फोटाचा कायदा आधी केला तो बडोद्याने, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, १९३१ साली. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्या बंदी आणली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा. मध्य प्रांताने तसे काही केले नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. १९४७ ते १९५५ या आठ वर्षांत रावेरची टाकलेली बाई घटस्फोटासाठी न्यायालयात जाऊ शकत होती. निंबोल्याच्या बाईला तो दरवाजा नव्हता. तिला १९४६ च्या केंद्रीय कायद्याने वेगळे राहून पोटगी मागता येई, पण ती बायकोच राहिली. मोकळे व्हायचे तर पंचांचीच काडी.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला आणि ही दरी बुजली. त्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा काडीमोडही शाबूत ठेवला. अनुसूचित जमातींना तर हा कायदा लागूच होत नाही, म्हणून सातपुड्यातले कोरकू, भिल्ल आपल्या रिवाजाने चालतात. पण ही सवलत सापळाही ठरते. रूढी आहे हे न्यायालयात मांडावे लागते आणि पुराव्याने सिद्ध करावे लागते. स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे लिहिलेला फारकतनामा हाती धरून ‘सुटलो’ समजणाऱ्या जोडप्यांना हे उशिरा कळते. बहुधा दुसऱ्या लग्नानंतर.

दुसरी अडचण कोर्टाच्या जागेची. फौजदारी संहितेच्या जुन्या कलम ४८८ खाली पोटगीचा अर्ज करायचा तो नवरा राहतो किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले तिथे. माहेरी परतलेल्या बाईने एस.टी.चे भाडे जमवून परप्रांतातल्या तारखा गाठायच्या! १९७३ च्या संहितेने ती स्वतः राहते तिथे अर्ज करण्याची मुभा दिली. घटस्फोटाच्या अर्जासाठी हीच सोय व्हायला २००३ उजाडले. माझ्या मते सरहद्दीवरच्या बायकांसाठी ही दोन लहानशी कलमे मोठमोठ्या घोषणांपेक्षा अधिक उपयोगी पडली.

रकमेचे काय? १९५५ साली केंद्रीय कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला ५०० रुपये झाली. ती थेट २००१ मध्ये उठली. मधल्या काळात काही राज्यांनी आपापल्या परीने ती वाढवली, इतकेच.

याच रस्त्याने उत्तरेला गेलात की इंदूर. तिथली शाहबानो. १९३२ साली लग्न, १९७५ साली घराबाहेर. वकील नवऱ्याकडे तिने १९७८ च्या एप्रिलमध्ये ५०० रुपये मागितले. नोव्हेंबरात त्याने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तो आकडा कायम केला. पुढचा गदारोळ आणि १९८६ चा कायदा सर्वांना ठाऊक आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की इद्दतच्या मुदतीतच पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद नवऱ्याने केली पाहिजे. पण त्या २५ रुपयांवर आपण कितीसे थांबलो?

मालमत्तेत आजही हात आखडता आहे. स्त्रीधन बाईचेच, सासरी ठेवायला दिले म्हणून सासरचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच म्हटले. मात्र संसारात दोघांच्या कष्टाने उभे राहिलेले घर आणि शेत ज्याच्या नावावर, त्याचे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. निमाडात आणि खानदेशात सातबारा किंवा खसरा ज्याच्या नावे, तोच मालक. तिने तिथे वीस वर्षे केळी लावलेल्या असोत की कापूस वेचलेला.

आणि मुले. १९५६ च्या कायद्याने नैसर्गिक पालक बाप, त्याच्या ‘नंतर’ आई. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतरच असे नव्हे, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ लावला. शब्द कायद्यात अजून तसाच आहे. मुलाचे हित सर्वांत वर, हे तत्त्व सगळे मान्य करतात. पण सहा वर्षांचे पोर रावेरला आणि आई निंबोल्याला असेल, तर दर तारखेला ते पोर कुणी, कुठल्या गाडीने आणायचे हे त्या त्या न्यायाधीशालाच ठरवावे लागते.