सगाटच्या छातीवरचा व्रण

१९८७ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा पहिला 'स्ट्रीट फायटर' आला. त्यात सगळ्यात शेवटी एक उंचापुरा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला थाई बॉक्सर समोर येतो. त्याचं नाव सगाट. त्याला हरवलं की गेम संपला. चार वर्षांनी, १९९१ मध्ये, 'स्ट्रीट फायटर २' आला आणि त्यात सगाट परत दिसला. या वेळी त्याच्या छातीवर एक भलामोठा व्रण होता.

पहिल्या गेममध्ये हा व्रण नाही. म्हणजे मधल्या काळात काहीतरी घडलंय. काय घडलं? तर तुम्ही जिंकलात. पहिल्या गेममध्ये तुम्ही ऱ्यू नावाचा पोरगा होतात, शेवटच्या लढतीत सगाटला लोळवलंत, आणि त्या विजयाची खूण हा माणूस छातीवर घेऊन फिरतोय. ऱ्यूच्या 'शोऱ्यूकेन' या उसळत्या ठोशाने तो व्रण झाला, हे कंपनीने पुढे रीतसर सांगितलंच. पण न सांगताही चाललं असतं.

फायटिंग गेममध्ये गोष्टीला काही अर्थ असतो का, हा वाद आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दर दोन-तीन महिन्यांनी होतो. एका बाजूचं म्हणणं सरळ आहे : दोन माणसं समोरासमोर उभी करा, घड्याळ लावा, ठोसे मारू द्या. कोण कोणाचा बाप आणि कोणाला सूड घ्यायचाय, याच्याशी काय देणंघेणं? बुद्धिबळातला उंट कोणत्या गावचा, हे आपण विचारतो का? मी दुसऱ्या बाजूचा. माझा पहिला पुरावा नेहमी सगाटचा व्रण असतो.

आधी हे बघू की या गेमांमध्ये गोष्टीला जागाच इतकी कमी का होती. हे गेम जन्मले आर्केडमध्ये, नाणं टाकून खेळायच्या कपाटाएवढ्या मशीनवर. तिथलं गणित दुकानदाराचं असतं. जिंकणारा उभा राहतो, हरणारा बाजूला होतो, पुढचा माणूस नाणं टाकतो. 'स्ट्रीट फायटर २' मध्ये ९९ पासून उलटी मोजणी सुरू होते ती उगीच नाही. मध्ये तीन मिनिटांचा सिनेमा दाखवला, तर तेवढा वेळ मशीन कमावत नाही आणि मागची रांग शिव्या देते. त्यामुळे गोष्टीने आपली बिऱ्हाडं फटीफटींत थाटली. कोणी खेळत नसताना पडद्यावर फिरणारी चित्रं, जिंकल्यावर येणारं एखादं वाक्य, आणि सगळ्यांना हरवलंत तर शेवटी चार-दोन चित्रं आणि थोडा मजकूर. ऱ्यूचा शेवट बघा. बक्षीस समारंभ सुरू आहे, पहिल्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे, आणि हा मावळत्या सूर्याकडे चालत निघालाय. माणूस कसा आहे ते कळलं.

जागा इतकी अपुरी असली की लोक ती स्वतः भरतात. याचे दोन नमुने मला फार आवडतात, कारण दोन्ही मुळात घोटाळे आहेत आणि माझा पोटापाण्याचा धंदा घोटाळे निस्तरण्याचा आहे.

पहिला भाषांतराचा. ऱ्यू जिंकला की जपानी आवृत्तीत तो हरलेल्याला साधारण असं सुनावतो, की शोऱ्यूकेनला तोंड देता आल्याशिवाय तू जिंकणार नाहीस. 'शोऱ्यू' म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन. तीच चिनी अक्षरं चिनी पद्धतीने वाचली तर उच्चार होतो 'शेंग लाँग'. इंग्रजी आवृत्तीत तोच आला, आणि ठोशाचा माणूस झाला : शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझी डाळ शिजणार नाही. आता हा शेंग लाँग कोण? घरच्या कन्सोलसाठी गेम आला तेव्हा अमेरिकी माहितीपुस्तिकेने त्याला ऱ्यू आणि केनचा गुरू करून टाकलं. मग 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात बातमी दिली, की हा गुरू गेममध्ये लपलेला आहे. अट एवढीच, की ऱ्यू घेऊन एकही फटका न खाता शेवटपर्यंत जायचं आणि तिथे दहा फेऱ्या बरोबरीत सोडवायच्या. एप्रिल फूल होतं. पण लोकांनी नाणी ओतली. १९९४ मध्ये 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' मध्ये कॅपकॉमने खराखुरा लपलेला लढवय्या आणला. हा अकुमा शेवटच्या खलनायकाला एका झटक्यात उडवून स्वतःच तुमच्यासमोर उभा राहतो. त्याला बघून त्या थट्टेची आठवण न येणं अवघड आहे. खऱ्या गुरूचं नाव गोकेन, आणि तो 'स्ट्रीट फायटर ४' मध्ये, म्हणजे २००८ मध्ये, प्रत्यक्ष रिंगणात उतरला.

दुसरा घोटाळा तर थेट कोडमधला. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' मशीनमध्ये मालकासाठी एक हिशेबाचं पान होतं : किती खेळ झाले, गुप्त लढवय्या रेप्टाइल किती वेळा भेटला, वगैरे. त्यात एक नोंद होती, 'अर्मॅक्स'. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एड बूनच्या लेखी ते 'एरर मॅक्रो'चं लघुरूप होतं, म्हणजे प्रोग्रॅम किती वेळा चुकीच्या वाटेला गेला त्याची मोजणी. पाहणाऱ्यांनी ते रेप्टाइलच्या जवळ वाचलं आणि ठरवून टाकलं की अर्मॅक हा आणखी एक लपलेला निन्जा आहे. लाल कपड्यातला. खोटी छायाचित्रंसुद्धा फिरली. शेवटी १९९५ मध्ये 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३' मध्ये अर्मॅक आलाच, लाल कपड्यातच. पुढे त्याला पूर्वकथा मिळाली : अनेक मृत योद्ध्यांचे आत्मे एका देहात कोंडलेले. एरर लॉगमधल्या एका ओळीचं इतकं भाग्य फळफळलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ज्यांना गोष्ट नकोच होती, त्यांनी हे केलं असतं का?

आपल्या धालसिमचंही बघू. 'स्ट्रीट फायटर २' मधला हा भारतीय : हाडकुळा, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून आग, गळ्यात कवट्या, मागे हत्ती. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं आणि थोडा रागही आला. परदेशी माणसाने डोळे मिटून काढलेला भारत. पण त्याची पूर्वकथा वाचली आणि चित्र तेच राहूनही बदललं. त्या कवट्या त्याच्या गावात साथीत दगावलेल्या मुलांच्या आहेत, आणि गावातल्या गरिबांसाठी पैसे उभे करायला तो लढतो. मारामारी त्याच्या अहिंसेत बसत नाही, तरी. बायकोचं नाव सॅली (हे कुठून काढलं देव जाणे), मुलाचं नाव मात्र दत्ता. दत्ताचे बाबा! या माहितीने आगीचा एक ठोसाही जास्त लागत नाही. पण ज्याला मी व्यंगचित्र समजत होतो तो बाप झाला. गोष्ट नसती तर फक्त कवट्या उरल्या असत्या, आणि मग त्या चित्राला माफ करायला कारण नव्हतं.

तरीही विरोधी बाजूला मी एक गोष्ट कबूल करतो. माहिती म्हणून शेजारी ठेवलेली गोष्ट सहज सोडून देता येते. ती हातात उतरली, म्हणजे ठोशांत आणि चालीत, तरच पक्की होते. हे सगळ्यात आधी ज्यांना उमगलं त्यांत ताकाशी निशियामा असावेत. पहिला 'स्ट्रीट फायटर' त्यांचाच. नंतर ते कॅपकॉम सोडून एसएनके कंपनीत गेले आणि १९९१ मध्येच 'फेटल फ्युरी' आणला. टेरी आणि अँडी बोगार्ड हे दोन भाऊ बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघतात. खुनी गीस हॉवर्ड. १९९५ च्या 'रिअल बाउट' मध्ये गीस इमारतीवरून पडताना टेरी त्याचा हात पकडतो, आणि गीस तो हात झिडकारून मरण पत्करतो. इथवर हिंदी सिनेमा. पण १९९९ च्या 'गारो : मार्क ऑफ द वूल्व्ज' मध्ये गीसचा मुलगा रॉक येतो, आणि त्याला वाढवलंय टेरीने. रॉकच्या हातात काय आहे? जमिनीवरून सरपटत जाणारा 'रेप्पुकेन' हा जन्मदात्याचा वार. खालून उसळणारा 'रायझिंग टॅकल' हा पालनकर्त्याचा. एकही वाक्य न वाचता नुसता रॉक खेळून बघा. या पोरात दोन बाप आहेत हे अंगठ्याला कळतं.

आमच्या गावात हे गेम सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवरच्या 'टेकन ३' मधून पोचले. त्यात इंग्रजी वाचायला कोणालाच वेळ नव्हता. तासाचे पैसे मोजलेले असायचे. एडी घेऊन नुसती बटणं बडवणाऱ्याला आम्ही खेळाडू मानत नसू, आणि हेहाची घेतला की 'म्हातारा घेतला' म्हणत असू. पण जिन आणि म्हातारा, दोघांचा खाली वाकून वर येणारा ठोसा सारखाच आहे, हे एका मित्राने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. 'दोघं एकाच क्लासला होते,' असा त्याचा निष्कर्ष. फारसा चुकला नव्हता. जिन हा हेहाचीचा नातू. आईवर हल्ला झाल्यावर तो आजोबांकडे लढाई शिकायला गेला, आणि काम झाल्यावर आजोबांनी त्याला गोळी घातली.

पुढचा भाग मला हॉस्टेलवर कळला. २००१ च्या 'टेकन ४' मध्ये जिनने मिशिमा घराण्याची विद्या टाकून दिली. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं लपून तो साधं पारंपरिक कराटे शिकला. कथेत हे एक वाक्य आहे. खेळणाऱ्यासाठी मात्र हातात मुरलेला जिन गेला होता. सवयीने बटणं दाबली की भलतंच काही व्हायचं, सगळं पहिल्यापासून गिरवायचं. घराण्याशी नातं तोडायला काय किंमत पडते ते कंपनीने खेळणाऱ्याच्याच खिशातून वसूल केलं. 'टेकन ५' मध्ये जुन्या चाली परत आल्या, पण त्या 'डेव्हिल जिन'कडे, म्हणजे ज्या रक्ताचा त्याला तिटकारा आहे त्याच रूपाकडे. जुना जिन हवा असेल तर सैतान निवडा.

उलट बाजूला २०११ चा 'मॉर्टल कॉम्बॅट'. त्याने तासन्‌तास चालणारा सिनेमा दिला, मध्ये मध्ये मारामारी. मला मजा आली, खोटं का बोलू. पण तो सगळा सिनेमा यूट्यूबवर कंट्रोलर न धरताही बघता येतो, तिथेच त्याचं कच्चेपण दिसतं.

आणि अजिबातच काही दिलं नाही तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये 'स्ट्रीट फायटर ५' आला तो स्पर्धेत खेळणाऱ्यांवर डोळा ठेवून. आर्केड मोड नाही, प्रत्येकाला तुटपुंजी कथा. मार्चअखेरपर्यंत २० लाख प्रती पाठवायचं लक्ष्य होतं, गेल्या १४ लाख. कथेचा मोठा भाग त्याच वर्षी फुकट द्यावा लागला आणि आर्केड मोड यायला जानेवारी २०१८ उजाडला. सगळा दोष कथेच्या अभावाचा नव्हता, सर्व्हरही रडत होते. पण अनोळखी माणसाकडून ऑनलाइन मार खाण्यापलीकडे काहीतरी हवं असलेले लोक बरेच आहेत, एवढं दिसलं.

'स्ट्रीट फायटर ६' हा २०२३ चा. त्याची चित्रं वर्षभर आधीच फुटली होती. त्यात केन होता, कायमचा हसरा, श्रीमंत, संसारी केन. पण आता दाढीचे खुंट, विस्कटलेले केस, ढगळ जाकीट, आणि चेहऱ्यावर हिशेब चुकलेल्या माणसाचा भाव. कथेचा एक शब्द जाहीर झाला नव्हता. तरी लोकांनी तिथल्या तिथे निदान केलं : घटस्फोट झालाय. विनोदांचा पाऊस पडला. बायको घर घेऊन गेली, पोरगा शनिवार-रविवारी भेटतो, वगैरे. प्रत्यक्षात एका घातपाताच्या कटात त्याला गोवलंय, आणि बायको एलायझा आणि मुलगा मेल यांना झळ लागू नये म्हणून तो परागंदा झालाय. लग्न शाबूत आहे. आमच्या ऑफिसातला तो बुद्धिबळाच्या उंटाचा दाखला देणारा मित्र मात्र अजून ऐकत नाही. 'जाकीट बघ ना त्याचं,' म्हणतो.