ओढीचे जनावर

हस्की कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थांची गाऱ्हाणी बहुधा एकाच वळणाची असतात: हे जनावर कुंपणाखालची माती उकरून पसार होते, फिरावयास नेले तर धन्यालाच फरफटत नेते, घरी आलेल्या अपरिचितावर धावून जाण्याऐवजी त्याच्याशी सलगी करते आणि भुंकण्याच्या जागी असा गळा काढते की शेजाऱ्यांस अपशकुन वाटावा. गाऱ्हाणी खोटी नाहीत. परंतु ज्यांची नोंद आपण दुर्गुण म्हणून करतो, ते बहुतेक ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांनी पिढ्यानपिढ्या जोपासलेले गुणच होत. अत्यल्प अन्नावर हलके ओझे दूरवर ओढून नेणारे श्वान त्यांस हवे होते. आणि अनेकांबरोबर जुंपावयाचे जनावर भांडखोर असून चालत नसल्यामुळे पहारेकऱ्याचा संशयी स्वभाव त्याच्या अंगी रुजलाच नाही.

अलास्कातील नोम या सोन्याच्या खाणींच्या गावी १९०८ साली नोमहून कँडलपर्यंत आणि परत, अशी ४०८ मैलांची स्लेज शर्यत सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी विल्यम गूसाक या रशियन व्यापाऱ्याने समुद्रापलीकडून आणलेली ठेंगणी कुत्री पाहून तेथील दर्दी मंडळींनी त्यांची ‘सायबेरियाचे उंदीर’ म्हणून संभावना केली. हे उंदीर तिसरे आले. आणि १९१० साली जॉन जॉन्सनने सायबेरियाहूनच आणविलेल्या श्वानांच्या बळावर ती मजल सुमारे ७४ तासांत मारून शर्यत जिंकली.

याच नोममध्ये, नॉर्वेहून आलेल्या लिओनार्ड सेप्पालाच्या कुत्रेखान्यात, टोगो जन्मला. खुजे, आजारी आणि वर उपद्रवी असे हे पिल्लू ओढीच्या कामाचे नाही असा निकाल देऊन सेप्पालाने ते एका घरी पाळावयास दिले. तेथे त्याचे कोडकौतुक झाले. तरी काही आठवड्यांतच खिडकीची काच फोडून ते बाहेर पडले आणि कित्येक मैल धावत मूळ धन्याकडे रुजू झाले. पुढे १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ उद्भवली, समुद्र गोठलेला होता, आणि नेनानापर्यंत आगगाडीने आलेले औषध तेथून ६७४ मैल स्लेजवरून न्यावे लागले. वीस हाकणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत ते पोहोचविले. त्यांतील सर्वांत लांब टप्पा, नॉर्टन खाडीच्या फुटत्या बर्फासह, सेप्पालाच्या चमूने काटला. अग्रभागी वृद्धत्वाकडे झुकलेला टोगो होता. न्यूयॉर्कमध्ये पुतळा मात्र शेवटच्या टप्प्यातील बाल्टो या कुत्र्याचा उभा राहिला. सरकारी बक्षिसांचा न्याय तरी याहून निराळा कोठे असतो!

१९३० साली अमेरिकेतील केनेल क्लबाने या जातीस मान्यता दिली आणि ओझ्याचे श्वान हळूहळू दिवाणखान्यात आले. त्याच्या अंगावर दुहेरी केस असतात. आतली दाट लव ऋतुमानानुसार झडू लागली की घरभर लोकर उडते आणि रोज विंचरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उन्हाळ्यात कणव येऊन काही जण ते केस भादरून टाकतात; परंतु तेच आवरण उन्हापासूनही रक्षण करीत असल्याने हा उपकार अपकार ठरतो. पुण्यामुंबईच्या सदनिकांत थंड हवेच्या यंत्रासमोर निजणारे हस्की आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी गार फरशीचा आणि मुबलक पाण्याचा बंदोबस्त पुष्कळजण करतात. सूर्योदयापूर्वी त्यांस मनसोक्त पळवून आणण्याची तजवीज मात्र थोड्यांच्याच घरी असते.