परिचारिकांच्या शिक्षकांपुढील जीनोमिक्सचा धडा

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अशा ठिकाणी लहानशा जखमेतून रक्त न थांबणारे मूल रुग्णालयात आणले जाते, तेव्हा त्याच्या आईशी बहुधा प्रथम बोलते ती परिचारिका. ‘घरात आणखी कुणाला असे होते का?’ हा तिचा प्रश्न म्हणजेच जीनोमिक्सचा आरंभ होय. तो नेमका कसा विचारावा, हे तिच्या शिक्षकांनाच कितपत ठाऊक असते?

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये लागू केलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या सत्रनिहाय अभ्यासक्रमात चौथ्या सत्रात पॅथॉलॉजीच्या जोडीने जेनेटिक्स हा विषय आहे. मात्र मेंडेलच्या वाटाण्यांवर पोसलेल्या शिक्षकाला तेवढ्याने जीनोमिक्स शिकवता येत नाही. जनुकशास्त्र मुख्यतः एकेका जनुकाचा विचार करते. जीनोमिक्समध्ये संपूर्ण जनुकसंच, त्याचा परिसराशी संबंध आणि औषधांना मिळणारा प्रतिसादही येतो. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या हिवतापाच्या रुग्णाला प्रायमाक्विन दिल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. औषध हाती देणाऱ्या परिचारिकेला हे माहीत असायलाच हवे. अमेरिकेतील परिचारिका संघटनांनी अशा आवश्यक क्षमतांची यादी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथेही शिक्षकांची अपुरी तयारी हा मोठा अडसर ठरला.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पाया तीन पिढ्यांची वंशावळ रेखाटणे हा असावा. येथे मराठी भाषा मोठी सोय करते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील ‘अंकल’ या एका शब्दात काका आणि मामा दोघेही सामावतात. हिमोफिलियात मात्र हा भेद निर्णायक असतो. मामाला हा आजार असेल तर आई वाहक असू शकते, आणि वाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. काकाच्या आजाराने पुतण्याला तो धोका संभवत नाही, कारण मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. मामाच्या मुलीशी विवाहाची रीत मराठवाड्यात अनेक समाजांत आहे. आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे थॅलेसेमियासारख्या अप्रभावी दोषांची शक्यता वाढते. हे सांगताना रीतीची टिंगल झाली, तर कुटुंब पुन्हा रुग्णालयाची पायरी चढत नाही. ही भाषाही शिक्षकांकडून घटवून घ्यावी लागते.

त्याहून नाजूक बाब गोपनीयतेची. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत तपासणीला वेग आला. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. परंतु हा फरक न समजल्यास तपासणीचा कागद मुलीच्या लग्नाच्या आड येतो. गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्याने जनुकीय समुपदेशन केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे, हेही शिक्षकाला ठाऊक हवे.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परिसरातील नर्सिंग शिक्षकांना तेथील पॅथॉलॉजी व बालरोग विभागांत काही दिवस काम करू दिल्यास, वर्गात फळ्यावर काढण्यासाठी त्यांच्याजवळ खऱ्या वंशावळी असतील, अर्थात नावे वगळून.